द्राक्षकाडीतलं निळं

शुभांगी विधातेला सिन्नरच्या एमआयडीसीतल्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात नोकरी लागली ती १९९७च्या जूनमध्ये, आणि पहिल्याच आठवड्यात तिचं डोकं फिरलं. हे तिच्या आईचं, म्हणजे कलाबाईंचं मत. शुभांगीला विचारलं असतं तर तिनेही ते नाकारलं नसतं.

विधात्यांचं घर नाशिकला टाकळी रोडला, घराला लागून दोन एकर रान. अर्ध्यात शेवंती, अर्ध्यात झेंडू आणि बांधाच्या कडेने मेथी-कोथिंबीर. वडील गोटीराम पहाटे एम-एटी गाडीवर फुलांची गाठोडी लादून बाजारात जात. मुलगी बी.एस्सी. झाली, केमिस्ट्रीत चांगले मार्क पडले, आता कुठल्यातरी शाळेत चिकटेल अशी त्यांची अटकळ. तिने मात्र पेपरातली बारीक जाहिरात वाचून अर्ज केला आणि द्वारका चौकातून सकाळची सिन्नरची एसटी पकडायला लागली.

कारखान्यात उसाचं चिपाड आणि भाताचा पेंढा शिजवून पुठ्ठा करत. प्रयोगशाळा म्हणजे बॉयलरमागची एक खोली. तिथले मुख्य सानपसाहेब, पंचावन्नच्या आसपासचे, उंच, वाळलेले. त्यांना कुणी हसताना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पहिल्या दिवशी तिला ओलावा मोजायला लावला, दुसऱ्या दिवशीही ओलावा, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी चिपाडाचा एक तुकडा रसायनात शिजवला, काचेच्या नळीत पाणी घालून खळाखळा हलवला, एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर लाल रंग सोडला आणि म्हणाले, "विधाते, बघा."

शुभांगीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

आत लाल रेशमाच्या लडी पडल्या होत्या. लांब, निमुळत्या, दोन्ही टोकांना सुईसारख्या. मधूनच पिंपासारख्या आखूड पेशी, आणि एक नळी तर अशी नक्षीदार की जणू कुणी बसून तिच्यावर जाळी विणली होती. रसवंतीच्या मागे ज्याचा ढीग लागतो, ज्यावर माशा घोंगावतात, त्या चिपाडात हे होतं!

"साहेब," ती म्हणाली, "हे सगळं आधीपासून आतच होतं?"

"मग काय मी घातलं?" सानपसाहेब म्हणाले.

त्यावर ती हसत सुटली. हसण्यासारखं काही नव्हतं, सानपसाहेब तर मुळीच हसत नव्हते, पण तिला आवरेना. त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून तिने शिंदे गावापासून नाशिकरोडपर्यंतचं प्रत्येक झाड, प्रत्येक गवत, बांधावरचा प्रत्येक बोरू असा पाहिला, की जणू साऱ्यांनी आजवर तिच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं.

घरी आल्याआल्या तिने आईला समजावलं. "आई, आपल्या शेजारी स्लॅब टाकला ना, तसंच असतं बघ झाडात. लोखंडी सळया म्हणजे सेल्युलोज. सळया बांधायची बारीक तार म्हणजे हेमिसेल्युलोज. आणि वरून ओततात ते सिमेंट म्हणजे लिग्निन. आमच्या कारखान्याला फक्त सळया हव्यात. सिमेंट काढून टाकायचं."

"बरं," कलाबाई म्हणाल्या. "हातपाय धू."

पण इथे थांबणारी ती नव्हती. पुढच्या रविवारी तिने झेंडूची वाळकी झाडं मिक्सरमध्ये दळली. त्याच्या पुढच्या रविवारी कांद्याची सालं, मग केळीच्या खोडाचं सोपट, मग घरातला खराटा. मिक्सरचं पातं खराट्यावर तुटलं. गोटीराम नवीन पातं घेऊन आले आणि हताशपणे म्हणाले, "पोरी, चटणीपुरतं तरी ठेव गं."

कारखान्यात तर तिला रानच मोकळं मिळालं. १९९८ उजाडलं तसं साखर कारखाने चिपाड द्यायला कुरकुर करू लागले. त्यांना ते स्वतःच्याच बॉयलरमध्ये जाळून वीज करायची होती. मालकांनी सानपसाहेबांना बोलावून सांगितलं, जिल्ह्यात जे जे उगवतं त्याची तपासणी करा आणि मला दुसरा माल शोधून द्या, नाहीतर दोनपैकी एक मशीन बंद करावं लागेल. सानपसाहेबांनी हे वाक्य जसंच्या तसं शुभांगीला सांगितलं. कारखान्यावर संकट आलंय हे तिला कळलं, वाईटही वाटलं. पण 'जे जे उगवतं त्याची तपासणी' हे शब्द कानात असे काही वाजले, की ती खोलीबाहेर जाऊन बॉयलरच्या आवाजात दोन उड्या मारून आली.

मग हरसूलच्या बाजारातून नागलीचा पेंढा आला, बांबू आला, डोंगरातलं गवत आलं. सिन्नरच्या आसपासची ज्वारीची आणि मक्याची धाटं आली, तुराट्या आल्या. प्रत्येकाची दळून पूड करायची, चाळायची, वाळवायची. मग काचेच्या उंच यंत्रात पूड ठेवून खालून द्रावण उकळायचं. वाफ वर जायची, थेंब थेंब पुडीवर पडायची, पात्र भरत यायचं आणि काठाशी आलं की नळीतून गटकन सगळं खाली उतरायचं. ते 'गटक' ऐकायला शुभांगी डबा खायचा सोडून तिथे उभी राहायची. त्यानंतर जहाल आम्लात सगळ्या सळया विरघळवायच्या. मागे उरायचं ते काळंसर लिग्निन, ते गाळून, वाळवून, वजन करायचं. शेवटी एक चिमूट भट्टीत घालून राख किती उरते ते पाहायचं. भाताचा पेंढा राखेने भरलेला, त्यात वाळूच जास्त. बांबू राजा माणूस, पण लांबून आणायचा. तुराटी ठीक. मका बरा, पण गुरांच्या तोंडचा.

ऑक्टोबरात पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षाची छाटणी झाली आणि शुभांगीने तिथून काड्यांच्या दोन मोळ्या आणवल्या. बागायतदार त्या बांधावर नुसत्या जाळून टाकत. तिने पृथक्करण केलं आणि आकडे दोनदा पडताळून पाहिले. सेल्युलोज भरपूर. लिग्निन बेताचं. जिल्ह्यात माल म्हणाल तर डोंगर! आणि द्राक्षाच्याच पेट्यांना पुठ्ठा लागतो! तिने सगळे आकडे पाठ केले, एसटीत कंडक्टरला सांगितले.

मग राख मोजली. नऊ पूर्णांक आठ टक्के.

पुन्हा मोजली. नऊ पूर्णांक सात.

"एवढी राख म्हणजे पेंढ्याचीच बहीण," सानपसाहेब म्हणाले. "शिजवणीत घाण करील, मशीनवर थर बसतील. लाकडासारखी काडी, तिला राख तीनच्या आसपास हवी. असो." त्यांनी नोंदवहीत 'द्राक्षकाडी' शब्दापुढे 'अयोग्य' असं सुबक अक्षरात लिहिलं. तो शनिवार होता. सोमवारी सकाळी मालक येऊन यादी बघणार होते.

आणि मधल्या रविवारी शुभांगीला बघायला पाहुणे येणार होते.

पाहुणे जीप भरून आले. मुलगा पिंपळगावचाच, यादव नाव, घरची द्राक्षबाग. सोबत आईवडील, काका-काकू, मामा-मामी, दोन बहिणी आणि सगळ्यांच्या पुढे बायडाबाई, मुलाची आत्या. बायडाबाई उतरल्या तशी जीप चार बोटं वर आली. त्यांनी घर पाहिलं, रान पाहिलं, शेवंतीचा एक गेंद खुडून अंबाड्यात खोवला आणि दणकन खुर्चीत बसल्या. "आणा पोरीला."

शुभांगी चहाचा ट्रे घेऊन आली. तिचं लक्षच नव्हतं. डोक्यात नऊ पूर्णांक आठ फिरत होतं. कुठून आली एवढी राख? भट्टी चुकली म्हणावं, तर तुराटीची बरोबर कशी आली? तिने एकेकापुढे कप धरला आणि यादवपाशी आली. त्याने कप घ्यायला हात पुढे केला.

त्याच्या नखांच्या कडा निळ्या होत्या.

"हे काय लागलंय?" तिने विचारलं.

यादवने हात मागे घेतला, कानापर्यंत लाल झाला. "लय घासलं, निघालं नाय," तो पुटपुटला. "मोरचूद आहे. मोरचूद आणि चुना. काल दिवसभर वेलींच्या खोडांना लावत होतो."

"फक्त खोडांना?"

"आता खोडांना. पण पावसाळाभर तेच पातळ करून सगळ्या वेलीवर फवारतो. डावणीचा रोग येऊ नये म्हणून."

"सगळ्या वेलीवर? काड्यांवर पण?"

"वेलीवर म्हणजे काड्यांवर आलंच की."

"आणि ऑक्टोबरात त्याच काड्या छाटता!"

"हो. का?"

शुभांगीच्या हातातला ट्रे कलला, साखरेचा डबा घरंगळत मामांच्या पायाशी गेला, आणि ती हसायला लागली. आधी दाबून, मग मोकळी, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तांबं!" ती म्हणाली. "मोरचुदातलं तांबं आणि चुना! काडीची राखच नाही ती, तुमची फवारणी आहे ती!"

गोटीरामांनी कपाळाला हात लावला. कलाबाई आतल्या दारातून डोळे वटारत होत्या. शुभांगी भरभर बोलत सुटली: सोमवारी मालक येणार, वहीत 'अयोग्य' लिहिलंय, आत्ता कारखान्यात जाऊन राखेतलं तांबं दाखवलं आणि साल सोलून काडी पुन्हा भट्टीत टाकली तर उद्या सकाळपर्यंत खरा आकडा हातात येईल, प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडेच आहे, पण रविवारी दुपारी सिन्नरला एसटी...

"म्हंजी," बायडाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं, "आमच्या काड्यांची राख तुमच्या कंपनीत हाय?"

"हो."

"आन ती निळी निघंल?"

"निघेल. माझ्या हिशेबाने निघायलाच हवी."

बायडाबाईंनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि पदर खोचला. "मग बसलाय काय सगळे? जीप दारात हाय की!"

"अहो, पण बघण्याचा कार्यक्रम..." मामा म्हणाले.

"तिथंच बघू. उजेड बरा आसंल."

अशी ती वरात निघाली. यादवची आई कलाबाईंपाशी थांबली, म्हणून पाहुणे नऊ, गोटीराम दहावे, शुभांगी अकरावी. ती बायडाबाई आणि काकू यांच्यामध्ये चेपून बसलेली, जरीची साडी, केसांत अबोली, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. यादव गाडी चालवत होता आणि आरशातून बघत होता. दर वेळी आरशात तिची नजर भेटली की तो लाल होई आणि जीप खड्ड्यात जाई. तिसऱ्या खड्ड्याला बायडाबाई ओरडल्या, "फुडं बघ रं! लगीन व्हायच्या आत मारतोस का काय!" त्यावर अख्खी जीप हसली, गोटीरामसुद्धा.

कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने अकरा माणसांकडे पाहिलं, शुभांगीच्या अबोलीकडे पाहिलं आणि काही न विचारता वहीत नोंद केली.

प्रयोगशाळेत दाटीवाटीने सगळे उभे राहिले. शुभांगीने जरीच्या साडीवर पांढरा कोट चढवला, करडी राख असलेली मूस काढली, राख एका चंचुपात्रात घेतली. वर आम्लाचे थेंब टाकताच राख फसफसली. "हा चुना," ती म्हणाली. द्रावण गाळून परीक्षानळीत घेतलं. पाण्यासारखं, किंचित हिरवट. मग तिने अमोनियाची बाटली उघडली. खोलीभर झणका उठला, मामी खोकल्या, बहिणींनी ओढण्या नाकाला लावल्या, काकांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

एक थेंब. नळीत फिकट निळं, दुधाळ काहीतरी तरंगलं.

"आलं!" यादव म्हणाला.

"थांबा हो," शुभांगी म्हणाली. आणखी एक थेंब, आणखी दोन, आणि नळी हलवली.

दुधाळपणा नाहीसा झाला. नळीत असा निळा रंग उभा राहिला, की खोलीत 'आं' असा एकच आवाज झाला. गर्द, आरपार, शाईला लाजवील असा निळा. खिडकीतून येणारं ऊन त्यातून गेलं आणि शुभांगीच्या पांढऱ्या कोटावर निळा डाग हलू लागला.

"अगं माझे बाई," बायडाबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी नळी हातात घेतली, उजेडाला धरली, फिरवून फिरवून पाहिली, मग सगळ्यांना एकेक करून दाखवली, देवाचं तीर्थ दाखवावं तशी. "आमच्या बागंतनं निघालं हे!"

मग सगळे सालं सोलायला बसले. मोळीतल्या काड्या अजून कोपऱ्यात पडल्या होत्या. काका, मामा, बहिणी, गोटीराम, सगळ्यांना तिने एकेक बोथट सुरी दिली. सोललेल्या काड्या धुतल्या, वाळवल्या, दळल्या. यादव दळणयंत्र फिरवत होता. त्याने विचारलं, "तुम्ही रोज हेच करता?"

"रोज."

"मजा आहे तुमची," तो म्हणाला. अगदी मनापासून, जरा हेव्याने म्हणाला. शुभांगीच्या पोटात काहीतरी त्या काचेच्या यंत्रासारखं गटकन खाली उतरलं.

सोमवारी मालक यायच्या आधी तिने भट्टी उघडली, मूस थंड केली, वजन घेतलं. तीन पूर्णांक एक टक्का. तिने नोंदवही सानपसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी आकडा वाचला, हिशेब तपासला, निळ्या नळीकडे बराच वेळ पाहिलं.

"विधाते, काल इथे अकरा माणसं आल्याची वॉचमनची नोंद आहे."

"पाहुणे होते साहेब."

"कोणाचे?"

"मला बघायला आलेले."

सानपसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं. आधी शुभांगीला वाटलं उचकी लागली. ते हसत होते, आवाज न करता, टेबलाला धरून. हसून झाल्यावर त्यांनी 'अयोग्य' हा शब्द पट्टी लावून खोडला आणि लिहिलं: 'ऑक्टोबरची काडी नको. एप्रिलची पाहावी.' ढिगाने काड्या सोलणं कारखान्याला परवडणारं नव्हतं, आणि पावसाळी फवारे ऑक्टोबरच्या काडीवर ताजे असतात. एप्रिलपर्यंत नवी काडी वाढलेली असते आणि तिच्यावर मोरचूद फारसं पडलेलं नसतं, हे त्यांनी नंतर बागायतदारांना विचारून पक्कं केलं.

पिंपळगावहून निरोप आला तो बायडाबाईंचा, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या फोनवर. गोटीरामांनी कान लावला. पलीकडून एवढंच आलं, "पोरगी पसंत हाय. तिला ईचारा, आमी पसंत हाव का?" शुभांगीने होकार दिला, पण अट घातली. दोन अटी खरं तर. नोकरी सोडणार नाही. आणि एप्रिलच्या छाटणीची एकही काडी यंदा बांधावर जाळायची नाही. दुसरी अट ऐकून लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

एप्रिल १९९९मध्ये यादव स्वतः ट्रॅक्टरची ट्रॉली भरून काड्या घेऊन आला. चारा कापायच्या कुट्टी मशीनवर त्यांचे तुकडे केले, कॉस्टिक सोड्यात शिजवले, लगदा चिपाडाच्या लगद्यात मिसळला आणि मशीनवर सोडला. पहिला पुठ्ठा तुटला. दुसराही तुटला. तिसऱ्याला सगळं मशीन थांबवून पाणी काढावं लागलं. फोरमनने शुभांगीकडे असं पाहिलं की दुसरी कुणी रडली असती. तिने लगद्याची चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली घातली, पाहिलं, धावत परत आली. "तंतू आखूड आहेत. काडी कमी घाला, पाचात एक!" चौथ्या वेळी पुठ्ठा निघाला. रंगाने जरा तांबूस, भाजलेल्या भाकरीसारखा, पण सलग. रुळावरून येतच राहिला, येतच राहिला. शुभांगी त्याच्याबरोबर मशीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेली, परत आली, पुन्हा गेली. यादवला काही कळत नव्हतं, पण तोही पळाला.

मे महिन्यात लग्न झालं. हळदीच्या दिवशी तिच्या बोटावर कॉस्टिकचा चट्टा होता. कलाबाईंनी त्याच्यावरून हळद फासली आणि कुणाला सांगितलं नाही.

पिंपळगाव ते सिन्नर ती पाच वर्षं दोन एसट्या बदलून गेली. मधे वेदिका झाली, तेवढे महिने घरी. कारखाना दर उन्हाळ्यात काड्या घेत राहिला, मग रद्दी कागद मुबलक आणि सोपा झाला तेव्हा हळूहळू बंद केला. सानपसाहेब निवृत्त झाले. शुभांगीला वाईट वाटलं, पण फार दिवस नाही. कारण तोवर काडीकचऱ्याच्या जळाऊ कांड्या करणारे लोक गावोगाव उभे राहिले होते. बॉयलरसाठी त्या कांड्या विकायच्या तर कोणत्या कचऱ्यात राख किती, जळाल्यावर उष्णता किती, लिग्निन किती म्हणजे कांडी आपोआप किती घट्ट बसते, हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. तालुक्यात हे सांगू शकणारी माणसं मोजली तर शुभांगीपाशीच संपत होती.

२००५च्या दसऱ्याला तिने घरच्या, द्राक्षं पेट्यांत भरायच्या पॅकहाउसमागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःची प्रयोगशाळा मांडली. काचसामान नाशिकहून आलं, तराजू पुण्याहून, भट्टी एका बंद पडलेल्या कंपनीतून जुनी मिळाली. बायडाबाई आता गुडघ्यांनी त्रासल्या होत्या, तरी खुर्ची टाकून मधोमध बसल्या. पाच वर्षांच्या वेदिकेने भट्टीला फुलं वाहिली. वायरमनने आधीच बजावलं होतं, लोड जास्त आहे, जपून. शुभांगीने बटण दाबलं.

भट्टीने घूं केलं, आत लाल उजेड चढायला लागला, आणि त्याच क्षणी खोलीतला दिवा, पॅकहाउसचे पंखे आणि शेजारच्या चार घरांतले टीव्ही एकदम बंद पडले. बाहेरून आरडाओरडा सुरू झाला. कुणीतरी शुभांगीचं नाव घेऊन ओरडलं.

शुभांगीने आधी यादवकडे पाहिलं. यादवने तिच्याकडे. मग ती तिथेच स्टुलावर बसली, कोट तोंडावर धरला आणि हसायला लागली. वेदिका हसायला लागली, यादव हसायला लागला. बायडाबाई कुणाला तरी खिडकीतून सांगत होत्या, "आरं जरा दम धरा की! माज्या सुनंला आधी पोटभर हसू द्या, मग लाईट लावते ती!"